पंडित सामताप्रसाद

बनारस घराण्याचे ख्यातनाम तबलावादक पंडित सामताप्रसाद ऊर्फ गुदई महाराज यांचा जन्म वाराणसीतील कबीरचौरा येथे झाला. वडील बाचा मिश्र हे त्यांचे पहिले गुरू. बालपणीच पितृछत्र हरपल्यानंतर बिक्कू महाराजांकडे त्यांनी तालीम घेतली. १९४२ च्या अलाहाबाद संगीत संमेलनातील वादनाने त्यांचे नाव झाले. गायन, वादन व कथक या तिन्हींच्या साथीत, तसेच स्वतंत्र वादनातही ते अग्रगण्य मानले गेले.

चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वादकाचे नाव सहसा पडद्याआडच राहते. त्यांचा तबला मात्र रसिकांनी ओळखला. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘मेरी सूरत तेरी आँखें’ (१९६३) या चित्रपटांतील त्यांचे वादन गाजले. ‘शोले’मध्ये (१९७५) बसंतीच्या टांग्याच्या पाठलागाचा थरार त्यांच्या तबल्यानेच उभा केला. त्या चित्रपटाचे संगीतकार राहुल देव बर्मन हे त्यांचेच शिष्य होत.

पद्मश्री (१९७२), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७९) व पद्मभूषण (१९९१) हे सन्मान त्यांना लाभले. कार्यशाळेसाठी पुण्यात आले असता मे १९९४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.