शेवटचा निकाल आणि त्यांतील चूक

रणांगणावर देह विकल करून परतलेल्या शिपायाची तरतूद राष्ट्रानें करावी, हें तत्त्व अमेरिकेंत तेथील स्वातंत्र्याइतकेंच जुनें आहे. १७७६ च्या जुलैंत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि ऑगस्टांतच काँग्रेसनें ठरविलें, कीं लढाईंत निकामी होऊन पोट भरण्यास असमर्थ झालेल्या शिपायास अर्धा पगार मिळावा. परंतु वचन देणें निराळें आणि अर्जावर निकाल देणें निराळें. निकाल देणारा अधिकारी चुकला, आणि तो निकाल अखेरचा ठरला, तर दाद कोठें मागावयाची?

१७९२ सालीं काँग्रेसनें हे अर्ज तपासण्याचें काम न्यायालयांकडे सोंपविलें. पण त्यांचा निर्णय डावलण्याचा अधिकार मात्र युद्धमंत्र्याला दिला. पेन्सिल्व्हेनियांतील न्यायाधीशांपुढें हेबर्न नांवाच्या शिपायाचा अर्ज आला, तेव्हां त्यांनीं तो हातांत घेण्याचेंच नाकारलें. न्यायालयाचा निर्णय मंत्र्यानें फिरवावा, ही गोष्ट त्यांना राज्यघटनेच्या विरुद्ध वाटली. पुढच्याच वर्षीं कायदा बदलला, आणि न्यायाधीशांकडे केवळ पुरावा नोंदविण्याचें काम राहिलें. न्यायासनाची प्रतिष्ठा राहिली. शिपायाची वाट मात्र न्यायमंदिरापासून दूर वळली.

पुढें यादवी युद्धाच्या काळांत, दलालांनीं शिपायांना लुबाडूं नये म्हणून, पेन्शनच्या अर्जाबद्दल वकिलास जास्तींत जास्त दहा डॉलर घेतां येतील, असा निर्बंध १८६४ सालीं घातला गेला. हेतु स्तुत्य होता. पण काळ पालटला तरी रक्कम पालटली नाहीं, आणि अशा कामाला वकील मिळणेंच दुर्घट झालें. त्यांतच महामंदी आली. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर थोड्याच दिवसांत, २० मार्च १९३३ रोजीं, काटकसरीचा कायदा झाला. त्यानें माजी सैनिकांवरील खर्चाला कात्री लावली, आणि खात्याचा निर्णय अंतिम ठरवून न्यायालयांचे दरवाजे बंद केले. अपिलासाठीं त्याच वर्षीं मंडळ नेमलें गेलें, पण तेंही खात्याच्याच पोटांत!

या बंद घराला एक लहानशी खिडकी होती. जुन्या निकालांत ‘स्पष्ट आणि निःसंशय चूक’ आढळल्यास तो दुरुस्त करावा, असा नियम खात्यानें १९२८ पासून पाळला होता. १९८८ सालीं काँग्रेसनें माजी सैनिकांसाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापिलें. त्या न्यायालयानें १९९२ सालीं या चुकीची व्याख्या बांधून दिली, आणि १९९७ सालीं हा नियम प्रत्यक्ष कायद्यांतच आला.

या खिडकीचें मोल मोठें आहे. नवा पुरावा आणून दावा पुन्हां उघडला, तर पैसा साधारणतः नव्या अर्जाच्या तारखेपासून मिळतो. पण चूक सिद्ध झाली, तर दुरुस्त निकाल मूळ निकालाच्याच दिवशीं लागला होता असें मानून मागील सर्व वर्षांची बाकी द्यावी लागते. तिला मुदतीचें बंधन नाहीं. मात्र वाट फारच अरुंद आहे. त्या वेळचें दप्तर आणि त्या वेळचा कायदा, यांवरच चूक दिसली पाहिजे. ती वादातीत हवी. आणि ती झाली नसती तर निकाल निश्चित निराळा लागला असता, असें ठरलें पाहिजे. पुराव्याची तोलणी चुकली किंवा आवश्यक कागद खात्यानें मिळविले नाहींत, एवढ्यानें भागत नाहीं.

ही वाट किती अरुंद आहे, हें २०२२ सालीं दिसून आलें. एक तरुण १९७५ सालीं नौदलाच्या मरीन पथकांत शिरला आणि प्रशिक्षणांतच त्याला मानसिक विकार जडला. भरतीच्या वेळीं नोंदलेला नसलेला आजार पूर्वींचाच होता, आणि नोकरीनें तो वाढलाही नाहीं, या दोन्ही गोष्टी सरकारनें सिद्ध कराव्या, असें कायदा सांगत होता. खात्याच्या नियमांतून यांतील दुसरी गोष्ट गळली होती. १९७७ सालीं त्याचा दावा फेटाळला गेला. २००४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो नियमच कायद्याविरुद्ध ठरविला. तरीसुद्धां सर्वोच्च न्यायालयानें १५ जून २०२२ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं सांगितलें, कीं निकालाच्या दिवशीं जो नियम अमलांत होता तो लावणें ही ‘स्पष्ट आणि निःसंशय चूक’ नव्हे. विरोधी न्यायाधीश गॉर्सच यांचें म्हणणें असें, कीं कायद्याचे शब्द १९७७ सालींही तेच होते. चुकलें तें खातें.

निकालांना कोठें तरी शेवट असावा, हें खरें. नाहीं तर कोणतेंच दप्तर बंद व्हावयाचें नाहीं. परंतु दप्तर बंद झालें म्हणून शिपायाची जखम भरून येत नाहीं. जो चुकला त्यानें भरून द्यावें, हा व्यवहाराचा साधा न्याय आहे. राज्यानें स्वतःच्या चुकीपुरता तो किती आखडता घ्यावा, याचा निकाल मात्र अजून शेवटचा म्हणतां येत नाहीं.