लातूरपर्यंतचे तास

१७ सप्टेंबरचं, मुक्तिदिनाचं झेंडावंदन मराठवाड्यात मनापासून होतं, आणि व्हायलाच हवं. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, दहशतीत ज्यांनी दिवस काढले त्यांच्यासाठी त्या तारखेला सुटका झाली होती. पण लातूरच्या पेठेवर सर्वांत मोठं संकट कोसळलं ते या तारखेच्या आसपास आणि त्यानंतर. ते का कोसळलं हे समजायचं तर आधीचे महिने, मग दिवस, मग तास मोजावे लागतात. त्यात लातूरचा एक वकील आहे, सैन्य आहे, जमाव आहे. त्यात एक विमानवाला आणि लंडनची एक बँकही आहे. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना या शेवटच्या दोघांना सहसा वगळलं जातं. मला ते वगळायचे नाहीत.

३० जानेवारी १९४८. उमरी, जिल्हा नांदेड

निजामाच्या स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. हाती आलेली रक्कम लाखांत होती आणि ती लढ्याच्या कामी गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

बँक लुटण्यापर्यंत गोष्टी का आल्या? बिलोलीजवळ अर्जापूरला स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांचा खून होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला होता, तरी गावं जळतच होती. नांदेडकडची कुटुंबं सरहद्द ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात जात होती, उस्मानाबादकडची सोलापूरच्या बाजूला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली केलेला माणूस. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाल्यावर त्याच्या शब्दावर निजामाचं मंत्रिमंडळ हलू लागलं. लातूरला त्याची किंमत मोजावी लागणार होती, आणि ती मोजणारे बहुतेक जण रझवीचे सैनिक नव्हते.

जून ते सप्टेंबर १९४८. रात्रीच्या वेळी

भारताने हैदराबादची आर्थिक कोंडी केली होती. संस्थानाला समुद्रकिनारा नाही, चारही बाजूंना भारत. शस्त्रं यायची तर आकाशातूनच.

सिडनी कॉटन हा जन्माने ऑस्ट्रेलियन. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने आपल्या खासगी विमानात कॅमेरे दडवून जर्मनीची गुप्त छायाचित्रं घेतली होती, आणि हवाई टेहळणीचा आद्य पुरुष म्हणून त्याचं नाव झालं होतं. युद्ध संपलं, माणूस धंद्याला लागला. त्याने लँकॅस्टरियन विमानं घेतली. युद्धातल्या लँकॅस्टर बाँबरचाच हा प्रवासी अवतार. वजन भरपूर उचलणारं, पल्ला लांबचा. कराचीत बंदुका आणि दारूगोळा चढवायचा, अंधारात भारताचा मुलूख ओलांडायचा, बिदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर उतरायचं, माल खाली करायचा आणि परत. भारतीय हवाई दलाला रात्री त्यांना अडवणं जमत नव्हतं.

कॉटनला निजामाचं प्रेम नव्हतं, रझाकारांच्या विचाराशी देणंघेणं नव्हतं. भाडं मिळत होतं. पण या फेऱ्या कोणत्या दिवसांत चालू झाल्या ते पाहा. जूनच्या मध्यावर माउंटबॅटन यांनी जाता जाता तडजोडीचा शेवटचा मसुदा पुढे केला होता. हैदराबादला बरीच सवलत देणारा होता तो. निजामाने तो नाकारला. ज्या दरबाराला रात्री विमानांची घरघर ऐकू येते, त्याला वाटतं की आपल्यापाशी अजून वेळ आहे. कॉटनने हैदराबादला जिंकण्याइतकी शस्त्रं कधीच दिली नाहीत, ती देणं शक्यही नव्हतं. त्याने दिली ती खोटी उमेद. माझ्या मते त्याचा खरा गुन्हा हा.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यांत आय. जी. फार्बेन या रासायनिक कंपनीच्या संचालकांचा निकाल लागला. एका दिवसाच्या अंतराने क्रुप या शस्त्रकारखान्याचा. राजवट अत्याचार करते तेव्हा तिला माल आणि यंत्रं पुरवणारा उद्योगपती आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो, हे जगाने त्या उन्हाळ्यात पाहिलं. पुढे अर्जेंटिनात लष्करशहांच्या हाती स्वतःचे कामगार सोपवल्याबद्दल फोर्ड कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली, त्याला २०१८ उजाडलं. कॉटनच्या बाबतीत न्यूरेंबर्गची आठवण कुणाला झाली नाही.

१३ सप्टेंबर, पहाटे ४

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची फौज सोलापूरकडून संस्थानात शिरली. पहिलं लक्ष्य नळदुर्ग. किल्ल्याजवळ बोरी नदीवरचा पूल आहे. तो उडवला असता तर रणगाड्यांचा रस्ता काही काळ तरी तुटला असता. शीख पलटणीने तो शाबूत ताब्यात घेतला.

तिथेच एक जीप पकडली गेली. स्फोटकांनी भरलेली. चालवणारा टी. टी. मूर, ब्रिटिश सैन्यातला माजी कमांडो, आता हैदराबादच्या पगारावर. पूल उडवणं हे त्याचं काम होतं आणि तो उशिरा पोचला. विमानवाल्या कॉटनसारखाच हाही भाड्याचा माणूस. ज्या गावांमधून तो जीप चालवत आला त्यांची नावंही त्याला नीट उच्चारता आली असतील का?

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

फौज उमरग्यापर्यंत आली. एका दिवसात साठेक किलोमीटर.

१४ आणि १५ सप्टेंबर

१४ ला औरंगाबाद आणि उस्मानाबाद. १५ ला गुरख्यांची एक तुकडी जालन्याला राहिली, बाकीचे लातूरकडे वळले, तिथून मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. पण व्यापाराच्या हिशेबात ते केव्हाच जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठं होतं. मधोमध गंजगोलाई, तिथून फुटणारे सोळा रस्ते, आणि प्रत्येक रस्त्याची आपली पेठ. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी इथवर येत असे. तीही लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची. त्या गाडीने इथला माल बाहेर जाई. अडतीत आणि दुकानदारीत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची जुनी घराणी होती. गावात मुसलमान वस्ती सुमारे १०,००० होती. रझवीचं गाव म्हणून लातूरचं नाव सगळीकडे झालं होतं, आणि सैन्याच्या पुढे-मागे सरहद्दीपलीकडून माणसं येऊ लागली होती.

१६ सप्टेंबर. पॅरिस

सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार उभी राहिली. शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाझ जंग. त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट होती: लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजाम सरकारचं जे खातं होतं त्यावर सही करण्याचा अधिकार.

१७ सप्टेंबर, सायंकाळी ५

युद्धबंदी. हैदराबादचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने त्याच दिवशी राजीनामा दिला. निजामाने रेडिओवरून प्रजेला सांगितलं. ज्यांच्या घरचा कुणी मारला गेला होता, ज्यांची गंजी जळली होती, ते त्या रात्री रस्त्यावर आले. त्यांचा आनंद खरा होता. तो कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

१८ सप्टेंबर, दुपारी ४

हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रं खाली ठेवली. आता सरकार म्हणजे लष्कर. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. या क्षणापासून लातूरच्या गोलाईतल्या दुकानदाराच्या जिवाची जबाबदारी निजामावर नव्हती, रझवीवर नव्हती. ती लष्करी राजवटीवर होती.

२० सप्टेंबर. लंडन, बँकेच्या कामाच्या वेळेत

वेस्टमिन्स्टर बँकेतल्या निजाम सरकारच्या खात्यातून दहा लाखांहून अधिक पौंड आणि वर ९ शिलिंग निघाले आणि पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतूला यांच्या नावे जमा झाले. ज्या सरकारच्या वतीने हा आदेश गेला त्याने तीन दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता, त्याच्या सैन्याने दोन दिवसांपूर्वी शरणागती पत्करली होती. ही बातमी जगभर झाली होती. बँकेने आदेशावरची सही पाहिली आणि पैसे वळते केले. काही दिवसांनी निजामाने पैसे परत मागितले, तेव्हा ज्याच्या नावे आहेत त्याच्या संमतीशिवाय देता येणार नाहीत असं बँकेने कळवलं. बँकेने नियम मोडला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या खात्यात औसा-उदगीरच्या, कंधार-बिलोलीच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचाही अंश होता, आणि त्या शेतकऱ्याला विचारणारा नियम कुठल्याच बँकेत नव्हता.

त्याच दिवसांत आणि पुढे. लातूर

इथे घड्याळ चालत नाही. लातुरातली कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. नेमका कोणत्या तासाला कुठला रस्ता पेटला हे कुणी लिहून ठेवलं नाही.

जे लिहिलं गेलं ते पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी. नेहरूंच्या सांगण्यावरून हे तिघं नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संस्थानात फिरले. लातूरला आले तेव्हा दहा हजारांपैकी जेमतेम ३,००० मुसलमान त्यांना गावात सापडले. हजाराहून जास्त मारले गेले होते. उरलेले अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले होते, आणि त्यांचा व्यापार संपूर्ण बुडाला होता.

वीस दिवस म्हणजे किती, याचा विचार करावा. एका रात्रीत भडकलेल्या जमावाला वीस दिवस लागत नाहीत. त्या दिवसांत आठवडी बाजाराचे वार येऊन गेले असतील, अडतीचे हिशेब थांबले असतील, दुकानांची कुलपं तुटली असतील आणि माल कुठेतरी गेला असेल. लुटलेल्या कापडाला, धान्याला, भांड्यांना गिऱ्हाईक लागतं. बुडालेल्या पेढ्यांची जागा कुणीतरी घेतं. म्हणून मी याला नुसती दंगल म्हणत नाही. बाजाराने केलेला बाजाराचा खून होता तो, आणि लष्करी अंमलात झालेला.

सैन्याबद्दल समितीने जे नोंदवलं ते वाचायला जड जातं. काही ठिकाणी सैनिकांनी मुसलमान पुरुषांना गावातून बाहेर काढून ठार केलं. काही ठिकाणी जमावाला दुकानं लुटायला उत्तेजन दिलं, क्वचित भाग पाडलं. एका जिल्ह्याच्या गावी लष्करानेच दुकानं लुटल्याचं तिथल्या प्रशासनाच्या हिंदू प्रमुखाने समितीला सांगितलं. सोलापूर आणि इतर गावांहून आलेल्या, शस्त्रं चालवण्यात तरबेज टोळ्यांचा हात होता हेही त्यात आहे. चौधरींबद्दल मात्र समितीने चांगलं लिहिलं, जातीय द्वेषाचा स्पर्श नसलेला शिस्तीचा माणूस म्हणून. वरचा माणूस असा असूनही खाली वीस दिवस हे चाललं, याचं उत्तर त्यांच्या राजवटीने द्यायला हवं होतं.

समितीने विहिरी पाहिल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेतं मोजली. त्यात एक बाई होती, तिच्या छातीशी लहान मूल तसंच चिकटलेलं होतं.

आणि त्याच अहवालात हेही आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं. हिंदू जमावापासून वाचवलं, स्वतःचे जीव देऊन वाचवलं. एकच धंदा करणाऱ्या माणसांमधली ही आपुलकी समितीला ठिकठिकाणी दिसली. ज्यांनी मागावर बसून आयुष्यभर एकाच व्यापाऱ्याला कापड विकलं त्यांना शेजारच्या मागावरचा माणूस शत्रू वाटला नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची नावं आपण शाळेत वाचतो, त्या यादीत या विणकरांना जागा मिळाली पाहिजे.

समितीचा दौरा संपल्यावर

अहवाल तयार झाला. संपूर्ण संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली असा समितीचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळलेले. त्यांतच १८,००० च्या आसपास. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकं तो दडून राहिला.

त्यानंतर

सिडनी कॉटनला इंग्लंडात २०० पौंडांचा दंड झाला. तो त्याने भरला. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होता, सुटल्यावर पाकिस्तानात गेला. चौधरी पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले.

लंडनच्या पैशांचा खटला १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि अडकून पडला. २ ऑक्टोबर २०१९ ला तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ही रक्कम हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांपोटी होती असं पाकिस्तानचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पैसे भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने गेले. मूळ ९ शिलिंगांसुद्धा सगळा हिशेब कागदावर होता.

लातूरच्या हजाराहून अधिक माणसांची नावं त्या अहवालात नाहीत. महाराष्ट्र शासनाने सुंदरलाल समितीचा अहवाल मराठीत छापावा, आणि लातूर, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद), नांदेडच्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावा. रझाकारांनी मारलेल्यांची आणि सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्यांची गाववार यादी करायला घ्यावी, एकाच वहीत. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. हे काम यंदाच सुरू व्हायला हवं.