परतलेल्या सैनिकाची जागा



बेळगावातील शाळेत सैनिकाविषयी बोलायचे तर फारशी प्रस्तावना लागत नाही. मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून या गावात आहे आणि महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ च्या ऑक्टोबरात येथेच उभी राहिली. रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज मला विचार करावयाचा आहे तो त्या कथेनंतरच्या प्रश्नाचा. हातातील काम सोडून लष्करात गेलेला मनुष्य परत आला, म्हणजे त्याची जागा त्याला परत मिळते काय?

शिवकाळात हा प्रश्न या रूपात उद्भवत नव्हता. पावसाळ्यात लष्कराने छावणीस परत यावे आणि दसऱ्याला मुलूखगिरीस बाहेर पडावे, ही रीत सभासदाने नोंदवून ठेवली आहे. सैन्यात शेतकरी कुळांतील माणसांचा भरणा मोठा होता. माणूस मोहिमेवर गेला तरी वतन घराण्याकडे राही आणि जमीन भाऊबंद कसत. जो परतलाच नाही, त्याच्या मुलांसाठी बालपरवेशीची नेमणूक करून देण्याची चाल होती. जागा राखण्याचे काम कायद्यापेक्षा कुटुंब आणि गाव करीत असे.

गिरणी, रेल्वे आणि कचेरी आल्यावर हे चित्र पालटले. शेत चार वर्षे वाट पाहू शकते, पण यंत्रावरील जागा चार दिवसही रिकामी राहत नाही. नोकरदार सैनिकाला कायद्याच्या संरक्षणाची गरज निर्माण झाली ती येथून.

ब्रिटनने १९३९ च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यातच पुनर्नियुक्तीची तरतूद केली आणि १९४४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेने १९४० मध्ये तसेच केले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये फिशगोल्ड नावाच्या एका वेल्डरच्या खटल्यात सेवाज्येष्ठतेची तुलना सरकत्या जिन्याशी केली. परतलेल्या सैनिकाने पूर्वी सोडलेल्या पायरीवर उभे राहायचे नाही; तो गेला नसता तर आज ज्या पायरीवर असता, ती त्याची जागा. स्वतः फिशगोल्ड मात्र तो खटला हरला, कारण सेवेत त्याच्याहून ज्येष्ठ असलेल्यांना बाजूला सारून काम मागण्याचा हक्क त्याला नाही, असे न्यायालयाने ठरविले. तत्त्व तेवढे टिकले.

हिंदुस्थानातील स्थिती निराळी होती. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती, आणि ती सर्व स्वेच्छेने भरती झालेली. परतण्यासारखी नोकरी त्यांपैकी पुष्कळांजवळ मुळात नव्हतीच. काहींना तर लष्कराची वाटही सहज मिळाली नव्हती. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. युद्ध संपले की गरज संपली, हा अनुभव या समाजाने असा घेतला होता.

या पार्श्वभूमीवर १९४५ च्या जुलैमधील एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. सैन्यातून मोकळे झालेल्यांना आणि युद्धकामावरून कमी केलेल्या कामगारांना नागरी जीवनात काम मिळावे म्हणून त्या महिन्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. त्या वेळी मजूरखाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, म्हणजे महू येथील लष्करी शाळेत शिकविणाऱ्या एका सुभेदाराच्या पुत्राकडे. ही सेवा १९४७ मध्ये निर्वासितांना आणि १९४८ मध्ये सर्वच कामेच्छूंना खुली झाली. आपल्यापैकी अनेकांनी मॅट्रिकनंतर ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले, त्याचा उगम परतलेल्या सैनिकाच्या गरजेत आहे.

स्वतंत्र भारतात पुनर्नियुक्तीचा हक्क शब्दबद्ध झाला तो १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यात. प्रादेशिक सैनिक हा मूळचा नोकरदार वा व्यावसायिक असतो आणि गरज पडली की गणवेश चढवतो. १९६२, १९६५ आणि १९७१ साली अशा सैनिकांना पाचारण झाले. कलम ७-अ सांगते की सेवा संपल्यावर मालकाने त्याला परत घ्यावे, आणि नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या त्यांहून कमी अटींवर घेऊ नये. सरकत्या जिन्याचेच हे तत्त्व आहे. मालकाने नकार दिल्यास प्रकरण नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. तो पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतो, सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई ठरवू शकतो किंवा मालकाला सूटही देऊ शकतो. बोलावणे आल्यावर, कर्तव्य टाळण्यासाठी घाईने काढून टाकणाऱ्या मालकालाही हे कलम सोडत नाही.

परंतु या हक्काला मुदत आहे. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत कामगाराने अर्ज केला नाही, तर तेवढी एक गोष्ट मालकाच्या बचावाला पुरते. अधिकाऱ्याचा आदेश न पाळणाऱ्या मालकासाठी कलमात सांगितलेला दंड एक हजार रुपयांपर्यंतचा, आणि सूट देण्याची वाटही कायद्यातच. म्हणून या हक्काचे बळ दंडाच्या आकड्यापेक्षा कामगाराच्या जागरूकतेवर अधिक अवलंबून आहे.

नियमित सैनिकाची गोष्ट याहून वेगळी. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी त्याला राखीव जागा दिल्या, पण राखीव जागा म्हणजे स्वतःची जागा नव्हे. तेथे रांगेत उभे राहावेच लागते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुणांना कायम करण्याचे ठरले. उरलेले ऐन पंचविशीत घरी येतील. त्यांनी मागे नोकरी सोडलेली नसल्याने ७-अ सारखे कलम त्यांच्या कामाचे नाही. १९४५ चा प्रश्न आपल्या वेशीवर पुन्हा उभा राहतो आहे, आणि उत्तर शोधताना तेव्हाची यंत्रणा कशी उभी राहिली याचा अभ्यास उपयोगी पडेल.

या सभागृहात कारखानदार आहेत, वकील आहेत, बँकेतील अधिकारी आहेत. आपल्या आस्थापनेत प्रादेशिक सेनेतील कोणी असेल, तर त्याला दोन महिन्यांची ती मुदत आपण होऊन सांगावी, आणि त्याने अर्ज करण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याची जागा राखून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.