भूकंप, कर्ज आणि घर : धाराशिव जिल्ह्यातील पुनर्वसन-धोरणाचा एक अभ्यास

बाह्य साहाय्य आणि धोरणपरिवर्तन यांच्या संबंधाची चर्चा बहुधा छोट्या नवस्वतंत्र राष्ट्रांच्या संदर्भात होते. कर्ज देणारी संस्था बलाढ्य व घेणारे राज्य दुर्बल असल्यामुळे तेथे अटींचा परिणाम ठळकपणे दिसून येतो. तथापि साहाय्याने धोरण कसे बदलते आणि कोठे बदलत नाही, हे पाहण्यास मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्याचा 1993 नंतरचा इतिहास अधिक उपयुक्त आहे. येथे एकाच कर्जातून, एकाच काळात, दोन भिन्न पद्धतींनी घरे उभी राहिली.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाव झोपेत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात असले, तरी तो जिल्हा 1982 मध्येच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. (उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर 2023 मध्ये अमलात आले.) सीमेच्या अलीकडे सास्तूर, होळी, राजेगाव ही गावेही उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सरकारी गणनेनुसार सुमारे 8,000 माणसे दगावली. मृत्यूचे मुख्य कारण घर हेच होते. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद ही रचना उन्हाळ्यास योग्य, पण हादऱ्यास सर्वथा अयोग्य होती. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असल्यामुळे हा प्रदेश त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.

मोठ्या आपत्तीत सरकारी मदत मिळण्याचा या भागाचा अनुभव नवा नव्हता. 1972 च्या दुष्काळात मदत मिळाली ती कामाच्या मोबदल्याच्या रूपाने. खडी फोडणारा माणूस सरकारी कागदावर ‘मजूर’ होता, आणि त्या अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. 1993 नंतरच्या कागदपत्रांत मात्र तोच माणूस ‘लाभार्थी’ झाला. पहिल्या शब्दात हक्काची निदान शक्यता होती. दुसऱ्यात केवळ स्वीकार आहे. हा शब्दबदल पुढील धोरणाचे स्वरूप सूचित करतो.

1994 मध्ये जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या पुनर्वसन कार्यक्रमासाठी सुमारे 24.6 कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर केले. सर्वाधिक नुकसान झालेली 52 गावे नव्या जागी वसवावयाची ठरली. घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या धारणेवरून निश्चित झाले : भूमिहीन व अल्पभूधारकांस 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस 400 आणि 7 हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांस 750. म्हणजे जुनी विषमता नव्या नकाशात चौरस फुटांत मोजली गेली. घरे बव्हंशी सरकारी ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. रुंद सरळ रस्ते व समान अंतरावरील घरे अशी नागरी आखणी झाली. गल्ली, आळी, भावकी यांची वीण विसकटली. गुरांना, कडब्याला आणि धान्याला जागा अपुरी पडल्याने लोकांनी पुढे स्वतःच वाढीव बांधकामे केली.

दुसरी शाखा दुरुस्तीची होती. 13 जिल्ह्यांत पसरलेली जवळजवळ दोन लाख घरे मालकांनी स्वतः दुरुस्त व बळकट करावयाची, आणि अनुदान हप्त्याहप्त्याने त्यांच्या बँकखात्यात जमा व्हावयाचे, अशी ही योजना होती. गावोगाव स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांच्या कामाची जुळवणी केली. घराचा पैसा, सिमेंट व अभियंता यांच्याशी ग्रामीण स्त्रीचा अधिकृत संबंध यामुळे आला.

येथेही योजना आणि लोक यांचे पुरते जुळले नाही. तज्ज्ञांच्या मते जुनी दगडी भिंत आरपार दगड घालून बळकट करता येत होती. पण ज्यांनी त्याच दगडांखालून आप्तांचे देह काढले, त्यांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. अनेकांनी अनुदानातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली व जुने घर तसेच ठेवले. तांत्रिक दृष्टीने हा उद्देशाचा भंग होय. परंतु निर्णय घरमालकाच्या हाती दिल्यावर तो तज्ज्ञाच्या अपेक्षेप्रमाणेच होईल, असे धरणे म्हणजे निर्णय देणे नव्हे.

या दोन शाखांपैकी पुढे टिकाव धरला तो दुसरीने. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकाच्या हाती पैसा देऊन बांधकाम करण्याची पद्धत प्रामुख्याने स्वीकारली गेली, आणि मराठवाड्यातील अनुभवी स्त्रिया तेथील स्त्रियांना मार्गदर्शन करण्यास गेल्या. 2002 च्या सुधारित भूकंप-संहितेत या परिसराचा धोक्याचा विभाग वाढविण्यात आला. 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा झाला.

या सर्व बदलांचे श्रेय केवळ कर्जाच्या अटींना देता येत नाही. लोकसहभागाची अट संपूर्ण कार्यक्रमासच लागू होती. तरीही स्थलांतरित गावांत आखणीचे मूळ निर्णय वरून झाले आणि दुरुस्तीच्या गावांत मालकास काही प्रमाणात ते घेता आले. फरक पडला तो पैसा कोणाच्या खात्यात जातो यामुळे. साहाय्याच्या कोणत्याही इतिहासात रक्कम आणि अटी यांच्याबरोबर हा तिसरा तपशील नोंदविला नाही, तर धोरण खरोखर कोठे बदलले, याचा उलगडा होणार नाही.