पूरजमिनीचे दफ्तर: सोलापूरच्या निमित्ताने एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात पुराचा अभ्यास करायचा म्हटले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. दुष्काळावर बोला, म्हणतात. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला, तेव्हा हे हसू थोडे ओसरले. अवर्षणाच्या मुलखात पाऊस कमी पडतो. पडतो तेव्हा मात्र थोड्या तासांत पडून जातो. फुगलेली काळी माती फारसे पाणी आत घेत नाही, तिच्याखाली काळा पाषाण. मग पाण्याला पसरायला जागा लागते, आणि शहरातली ही जागा म्हणजे नाल्याकाठची मोकळी जमीन, तळ्याची कड, कागदावरचे उद्यान. अशा पूरजमिनींकडे पालिका पाठ का फिरवते, हा या अभ्यासक्षेत्राचा मुख्य प्रश्न. यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत, मग तो भूगोलाचा विद्यार्थी असो, वकील असो की रोज नाला ओलांडून कामाला जाणारा रहिवासी.

या गावाची पाण्याशी सोयरीक जुनी आहे. सिद्धेश्वर तलावाचे श्रेय परंपरा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना देते. संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि होम मैदान गड्ड्याच्या यात्रेने भरून जाते. ते मैदान आजवर मोकळे राहिले याचे मोठे कारण ही यात्रा, असे माझे मत आहे. ज्या मोकळ्या जागेला वर्षातून एकदा तरी मालक भेटतो, ती टिकते. शहराच्या उत्तरेला अडिला नदीवरचा एकरूख तलाव, म्हणजे लोकांचा हिप्परगा, १८७१ साली सिंचनासाठी तयार झाला. तलाव भरला की सांडव्याचे पाणी जुनी वाट धरते, आणि त्या वाटेला आता शहर येऊन भिडले आहे. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावाची, म्हणजे संभाजी तलावाची, जलपर्णी तर सोलापूरकरांच्या परिचयाचीच.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये गटारे व सांडपाणी ही पालिकेची आवश्यक कर्तव्ये आहेत. बागा आणि मैदाने ऐच्छिक कामांत मोडतात. म्हणजे नाला करावाच लागतो, नाल्याकाठची बाग जमली तर करायची. पुराचे पाणी हा भेद जाणत नाही, पण अंदाजपत्रक पुरेपूर जाणते. नदीकाठाचा नियमही पाहावा. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला मनाई आहे. उद्यान, उघडी भाजी मंडई, दफनभूमी किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मात्र चालते. नियम उत्तम आहे. पण परवानगी आहे म्हणून कोणी झाड लावत नाही, आणि रिकाम्या पट्ट्यावर पहिला हक्क सांगतो तो राडारोड्याचा ट्रॅक्टर. भरावाने जमीन दोन हात वर आली, की काही वर्षांनी 'इथे कधी पाणी येतच नव्हते' असे सांगणारेही भेटतात.

आरक्षणाचा भाग नवख्याने सावकाश वाचावा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखड्यातली आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. बाग नष्ट करायला कोणाला कुऱ्हाड उचलावी लागत नाही, फाईल टेबलावर ठेवली तरी पुरते. म्हणून मी या दुर्लक्षाकडे आळस म्हणून पाहत नाही. त्याला तारखा असतात, सह्या असतात, आणि ते कोणाच्या तरी सोयीचे असते. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत, तेव्हा एकरूखला तोही आधार नाही. त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नसेल तर नाल्याकाठच्या प्लॉटची आठवण कोण काढणार?

या विषयाला चांगले पूर्वज लाभले आहेत. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आलेले पॅट्रिक गेडिस मलेरियाच्या भीतीने तळी बुजवण्याच्या विरोधात होते. तळे स्वच्छ ठेवा, बुजवू नका, ही त्यांची भूमिका. १८८४ चे सोलापूर गॅझेटियरही हाताशी असू द्यावे. मात्र ग्रंथालयाइतकेच पायाने काम करावे लागते. पावसाळा सरल्यावर नाल्याकाठच्या बाभळी पाहाव्यात: फांद्यांना अडकलेल्या पिशव्या आणि चिंध्या एका ठरावीक उंचीवर ओळीने लटकलेल्या दिसतात. पाणी कुठवर चढले होते, त्याची ती नोंद. टेप लावून मोजावी, विकास आराखड्याच्या नकाशावर उतरवावी आणि त्या जागेचे आरक्षण काय होते, आज सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर काय आहे, हे शेजारी लिहावे. सोलापुरात सुरुवात अडिल्यापासून करावी, हिप्परग्याच्या सांडव्यापासून थेट सीनेपर्यंत. वाटेत पाटबंधारे खाते, महसूल आणि महापालिका अशा तिन्ही कचेऱ्यांची हद्द लागते, आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या कचेरीकडे बोट दाखवले जाईल. ते बोट कोणत्या सर्व्हे नंबरवर फिरले, तेही वहीत टिपून ठेवावे.