न खेळलेली खेळणी

'रोबॉट' हा शब्द आता आपल्या पोरासोरांच्या तोंडी इतका रुळला आहे की, तो परका आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. 'यंत्रमानव' हा आपला प्रतिशब्द सरळ आणि सालस आहे. पण मूळ शब्दात जी ठसठस आहे ती त्यात उतरलेली नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले, तेव्हा कारखान्यात घडवलेल्या राबत्या माणसांना नाव काय द्यावे, असा त्याला प्रश्न पडला. त्याचा भाऊ योसेफ हा चित्रकार. 'रोबॉट' हे नाव त्याने सुचवले. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने राबणे. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर वेठ.

या वेठबिगाराचे पुढे खेळणे झाले, आणि त्या खेळण्याचे पुढे जवाहीर झाले. ही दुसरी पायरी मला पहिलीपेक्षा अधिक चमत्कारिक वाटते. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तिची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

हकीकत सुरू होते ती युद्धात होरपळलेल्या जपानात. १९४५ च्या ऑगस्टात जपान शरण आला. कारखाने मोडलेले, पत्रा मिळेना. पण अमेरिकन फौजा येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या छावण्यांबाहेर अन्नाच्या रिकाम्या डब्यांचे ढीग पडत होते. कोसुगे नावाच्या एका खेळणीवाल्याने ते डबे गोळा केले, कापले, सपाट केले आणि त्यांतून रस्त्यावर रोज दिसणारी अमेरिकन जीप बनवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती क्योतोच्या एका मोठ्या दुकानात दहा येनला विकायला आली, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. जेत्याच्या उष्ट्या डब्यातून जेत्याचेच वाहन! पराभूत देशातल्या बापांनी ते आपल्या मुलांसाठी विकत घेतले. त्या बापांच्या मनात काय आले असेल, याचा विचार करताना माझ्यातला कादंबरीकार जागा होतो; पण इथे त्याला आवरतो.

पुढे ही खेळणी परदेशी जाऊ लागली. १९४७ ते १९५२ या काळात जपानी मालावर 'व्याप्त जपानमध्ये बनवलेले' असा शिक्का असे. जीपच्या पाठोपाठ आले पत्र्याचे यंत्रमानव. चौकोनी डोके, छातीवर छापलेली घड्याळे आणि काटे, पाठीत किल्ली किंवा पोटात बॅटरी. मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा या त्या धंद्यातल्या पेढ्या. मासुदायाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून घागरा नेसल्यासारख्या ठेवणीचे पाच मोठे यंत्रमानव काढले. त्यांतला 'रेडिकॉन' बिनतारी लहरींवर चाले. संग्राहक या पाचांना 'पाचजणांची टोळी' म्हणतात, आणि त्यांतला 'मशीन मॅन' तर जगात फारच थोड्यांकडे उरला आहे.

तो दुर्मिळ का झाला, याचे उत्तर साधे आहे. मुलांनी तो खेळून मोडला. पत्रा गंजला, बॅटरीचा रस गळून पोट कुजले, आयांनी दर वर्षीच्या आवराआवरीत तो भंगारात घातला. जे उरले ते चुकून उरले. आज लिलावात त्याला हजारो डॉलर मिळतात, तेव्हा त्या किमतीत मोडलेल्या सगळ्या भावंडांचा हिस्सा असतो. ही दुर्मिळता मला प्रामाणिक वाटते. ती काळाने घडवलेली आहे.

आता दुसऱ्या तऱ्हेच्या दुर्मिळतेकडे वळू. तिच्यासाठी जपानातून अमेरिकेत जावे लागेल.

१९८० साली तोक्योच्या ताकारा कंपनीने 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. मोटारीची कळ फिरवली, दारे उलगडली, की तिचा यंत्रमानव व्हावा. त्यात बसवायला बोटाच्या पेराएवढा एक चालक असे, आणि त्याच्या पायांत लोहचुंबक. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने हे साचे घेतले, १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने ते बाजारात आणले आणि एक मोठी शक्कल केली. पोटातला चालक काढून टाकला. यंत्रमानवच सजीव, स्वतःच्या मर्जीचा, परग्रहावरून आलेला. प्रत्येकाला नाव दिले, स्वभाव दिला, मैत्री आणि वैर दिले. चापेकच्या वेठबिगाराला असे चौसष्ट वर्षांनी खेळण्याच्या दुकानात स्वातंत्र्य मिळाले.

मुलांनी हे किती मनावर घेतले ते १९८६ साली दिसले. त्या वर्षीच्या चित्रपटात कंपनीने ऑप्टिमस प्राइम या नायकाला मारून टाकले. हेतू व्यापारी होता: जुनी खेळणी जावीत आणि नवी खपावीत. पण चित्रपटगृहांत मुले हमसून रडली, पालकांची पत्रे आली आणि १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत त्या नायकाला परत जिवंत करावे लागले. हिशेबाच्या वहीत मुलांचे रडे कोणी धरले नव्हते.

हीच मुले पुढे मोठी झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी या खेळण्यांचा बाजार उतरला होता. १९९३ साली 'दुसरी पिढी' म्हणून जुन्याच साच्यांना भडक रंग देऊन पाहिले, तेही फारसे चालले नाही. अशा पडत्या काळात, १९९४ च्या जुलैत, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या शहरात काही चाहत्यांनी एक मेळावा भरवला. त्याचे नाव 'बॉटकॉन'. आपल्या साहित्यसंमेलनाला गेले की स्मरणिका मिळते. तशी या मेळाव्यातही येणाऱ्यांसाठी एक भेट होती. पण ती कागदाची नव्हती. ती होती 'ब्रेकडाउन' नावाची एक छोटी मोटार.

या मोटारीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाचे बीज तिच्यात आहे. १९८६ साली पाच मोटारींचा एक संच निघाला होता. पाचही जण वेगवेगळे यंत्रमानव होत आणि एकमेकांना जोडले की त्यांचा एक अजस्र राक्षस उभा राही: एक धड, दोन हात, दोन पाय. 'दुसऱ्या पिढीत' हा संच नव्या रंगात काढायचे ठरले होते, पण बाजार पडल्यामुळे बेत रद्द झाला. त्यांतला एकटा ब्रेकडाउन मेळाव्याच्या वाट्याला आला. त्याचे चौघे सोबती त्या रंगात दुकानांत कधी आलेच नाहीत. म्हणजे हा एक अवयव, ज्याला जोडायला धडच नाही! आणि नेमका तोच पुढे संग्राहकांच्या गळ्यातला ताईत झाला. आज त्याचा भाव शेकडो डॉलरांत बोलतात.

पहिल्या वर्षी जे ओघात घडले, त्याची पुढे रीत पडली. दर वर्षी मेळाव्यापुरते एखादे खेळणे निघू लागले. त्यातले अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या खेळण्यात खरा खर्च असतो तो पोलादी साच्याचा. एकदा साचा झाला की निळ्याऐवजी काळे प्लास्टिक ओतायला आणि डोळ्यांना तांबड्याऐवजी पिवळा रंग द्यायला फारसे काही लागत नाही. तेव्हा जुना साचा, नवा रंग, नवे नाव, नवी कथा आणि थोडेच नग. १९९६ साली काळ्या वटवाघळाचा 'ऑनिक्स प्रायमल' झाला तो असाच. पुढे परवान्याने हे मेळावे भरू लागले आणि पाच-सहा खेळण्यांचे देखणे संच आगाऊ पैसे भरलेल्यांनाच मिळू लागले. तो क्रम २०१६ साली केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात संपला. नंतर दुसऱ्या संयोजकांनी तेच नाव घेऊन मेळावे पुन्हा सुरू केले.

सॅन डिएगोच्या मोठ्या मेळाव्याचीही हीच कथा. १९७० साली तो एका हॉटेलात भरला तेव्हा तीनेकशे माणसे होती. आता ती लाखावर असतात, आणि पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्यांतले काही जण असे असतात की ज्यांना त्या खेळण्यात काडीचा रस नसतो. त्यांना रस असतो तो संध्याकाळच्या विक्रीत. कारण १९९५ साली इंटरनेटवर 'ईबे'चा लिलावबाजार सुरू झाला होता. त्याआधी हॉटेलच्या दालनात या टेबलावरून त्या टेबलावर हिंडून भाव ठरे. समोरचा माणूस दिसे, त्याची हौस दिसे, आणि 'तुला हवाच आहे ना, घेऊन जा' असे म्हणणारा विक्रेताही कधी भेटे. आता ओसाकाचा आणि ओहायोचा गिऱ्हाईक एकाच बोलीत उतरतो, आणि दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही.

मग आले परीक्षक. पेटीबंद खेळणे पाठवले की त्याच्या पुठ्ठ्याचे कोपरे, प्लास्टिकची चमक, रंगाचा पिवळेपणा तपासून शंभरांपैकी गुण देणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. गुण दिल्यावर ते पारदर्शक कवचात कायमचे बंद होते. मी शाळामास्तर; गुण देण्यात हयात चालली आहे. पण ज्याने वर्गात पाऊलच ठेवले नाही त्याला नव्वद गुण द्यावेत, ही पद्धत माझ्या पचनी पडत नाही.

या बाजाराच्या टोकाला जे खेळणे बसले आहे ते यंत्रमानवाचे नाही, पण त्याच्या चुलत घराण्यातले आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'मधल्या बोबा फेट या शिरस्त्राणधारी पात्राची बाहुली जाहीर केली. चार पाकिटांवरचे पुरावे पाठवा आणि पाठीवरून अग्निबाण सोडणारी बाहुली घरपोच मिळवा. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातला तसाच छोटा बाण घशात अडकून एक लहान मूल दगावले. केनरने बाण उडण्याची योजना रद्द केली आणि तो पक्का चिकटवून बाहुल्या पाठवल्या. उडत्या बाणाचे थोडे नमुने मात्र मागे राहिले. त्यांतला एक, हाताने रंगवलेला, २०२४ साली ५ लाख २५ हजार डॉलरांना गेला. जे खेळणे मुलांच्या हाती देणे धोक्याचे म्हणून कधी दिलेच नाही, ते सर्वांत महाग! हे वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसलो.

भाव नेहमी चढतच जातो असे मात्र कोणी समजू नये. २००० सालापासून कंपनीने जुनी खेळणी जुन्याच साच्यांतून पुन्हा काढली, तेव्हा त्यांच्या मूळ नगांचा तोरा पुष्कळ उतरला. हुबेहूब नकला निघतात त्या वेगळ्याच. सासरेबुवांनी लेकीच्या लग्नासाठी ठेवावा असा हा माल नव्हे.

आपला या बाजाराशी एक धागा आहे, आणि तो गोव्यातून जातो. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत फनस्कूल ही कंपनी निघाली आणि गोव्यात तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत वापरून झालेल्या साच्यांतून तिने 'जी. आय. जो' नावाचे छोटे सैनिक आपल्या मुलांसाठी काढले. त्यांचे रंग मूळच्याहून निराळे: कुठे झगझगीत पिवळा, कुठे एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर. आपल्या पोरांनी ते सैनिक दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी उभे केले, मातीत पुरले, हरवले. आणि त्या निराळ्या रंगांपायीच अमेरिकेतले संग्राहक आता ते शोधत असतात. कोणी मेळावा भरवला नव्हता, कोणी संख्या ठरवली नव्हती. पत्र्याच्या यंत्रमानवांचीच ही जात. खेळता खेळता दुर्मिळ झालेली.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या घरी काचेच्या कपाटात असे वीस-पंचवीस यंत्रमानव आहेत, बहुतेक मेळाव्यांतले, बहुतेक पेटीबंद. परदेशातून मागवायचे तर जकातही जबर: २०२० साली खेळण्यांवरची मूळ जकात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७०. मी त्याला विचारले, "अरे, विकणार आहेस का हे कधी?"

"नाही सर," तो म्हणाला. "लहानपणी आमच्याकडे एकच होता. तोही मामाच्या मुलाचा, पाय तुटलेला. आता समोर सगळे दिसतात, तेवढं पुरे."

त्याला हिणवण्याचे धैर्य मला झाले नाही. संग्राहक सट्टेबाज असतो असे ठरवून आलेल्या माणसाने असे एखादे कपाट पाहावे. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी त्याने त्यांतल्याच एका साच्याचा साधा, बाजारू रंगाचा यंत्रमानव आणून दिला आहे. तिने त्याचा एक हात केव्हाच उपटला, आणि तो हात बाहुलीच्या भातुकलीत पळी म्हणून वापरला जातो.

कपाटाच्या तळाशी एक पेटी आडवी ठेवलेली दिसली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षे या खेळण्यांत सोनेरी झाक असलेले एक प्लास्टिक वापरत. त्यातल्या चकचकीत कणांमुळे ते काळाने आतून ठिसूळ होते आणि कोणी हात न लावताही भुगा होते. संग्राहकांत या दुखण्याला 'सोनेरी प्लास्टिकचा रोग' असेच नाव आहे. पेटीबंद असले म्हणून त्यातून सुटका नाही. त्याच्याकडचा तो नग त्या काळातला आहे, मूळ चिकटपट्टीसकट. आत काय उरले आहे हे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडले तर किंमत जाणार.

"मग काय करतोस?" मी विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "दिवाळीच्या साफसफाईत एवढी पेटी हलवायची नाही, असं घरात सांगून ठेवलंय."