लेटाबाईंनी मोजून दाखवलं

मागच्या महिन्यात आमच्या एका गटात नवी सचिव निवडायची होती. एका शिकलेल्या सुनेचं नाव पुढे आलं. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "महिन्यातले चार दिवस बाईचं डोकं ठिकाणावर नसतं. हिशेब चुकला तर?" आम्ही सगळ्या गप्प बसलो. निवड पुढे ढकलली. म्हणून आज लेटा हॉलिंगवर्थ यांची माहिती सांगतो.

लेटाबाई १८८६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जन्मल्या. तीन वर्षांच्या असताना आई बाळंतपणात गेली. १९०६ साली त्या पदवीधर झाल्या, शाळेत शिकवू लागल्या. १९०८ साली न्यूयॉर्कला येऊन लग्न केलं. तिथे लग्न झालेल्या बाईला शाळेत शिक्षिका म्हणून घेत नसत. मग स्वयंपाक, शिवण, घरकाम. पुढे जमलं तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांनी शिक्षण पुन्हा सुरू केलं.

त्या काळी मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापकही म्हणत, की पाळीत बाईची बुद्धी मंद होते. लेटाबाईंनी पीएच.डी.साठी हाच विषय घेतला. काही बायकांची रोजच्या रोज परीक्षा घेतली. हात किती स्थिर राहतो, बोटं किती भराभर चालतात, रंगांची नावं आणि उलट अर्थाचे शब्द किती लवकर सांगता येतात, टायपिंग किती जमतं, सगळं मोजलं. तुलनेसाठी दोन पुरुषही घेतले. पाळीच्या दिवसांत काम बिघडल्याचं आकड्यांत कुठेच दिसलं नाही. हा प्रबंध १९१४ साली छापला गेला, १९१६ साली पीएच.डी. मिळाली.

दुसरा समज असा, की पुरुषांमध्ये जन्मतःच जास्त विविधता असते, म्हणून थोर माणसं त्यांच्यातच निपजतात. लेटाबाईंचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक यांचंही मत तेच होतं. लेटाबाईंनी एका सहकारी बाईंबरोबर एक हजार मुली आणि एक हजार मुलगे, अशा नवजात बाळांची मापं तपासली. मुलग्यांमध्ये जास्त विविधता निघाली नाही. त्यांचं म्हणणं होतं, की बाई मागे राहते ती चूल आणि मूल यांत अडकल्यामुळे.

पुढे त्या टीचर्स कॉलेजातच शिकवू लागल्या, १९२९ साली पूर्ण प्राध्यापक झाल्या. हुशार मुलांना कसं शिकवावं, यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. १९३९ साली कॅन्सरने त्या गेल्या.

पाळीत पोट, कंबर दुखते, हे खोटं नाही. त्या दिवशी विसावा हवाच. पण दुखणं वेगळं आणि अक्कल नसणं वेगळं.

पुढच्या बैठकीत त्या सुनेचं नाव आम्ही पुन्हा मांडणार आहोत. काकूंनाही शेजारी बसवून वही दाखवू. तुमच्या गटात असं कुणाचं नाव मागे पडलं असेल, तर तुम्हीही मांडा.